साठ हजारांची वाट: इंदिरानगरच्या गच्चीवरचे सहा महिने

सरकारी सबसिडी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे गॅसचं पुस्तक येतं. आधी सिलिंडर पूर्ण किमतीला घ्या, फरक खात्यात येईल, असं सांगितलं. काही वर्षं तो आलाही. २०२० साली कधीतरी तो यायचा थांबला, आणि थांबलाय हे आमच्या घरात चार-पाच महिन्यांनी लक्षात आलं. मी नाशिकमध्ये सातपूरच्या एका छोट्या कारखान्यात हिशेब लिहिते. येणं दाखवून ठेवायचं आणि ते कधीच यायचं नाही, हा प्रकार मला दुसऱ्यांच्या वह्यांतही खपत नाही. त्यामुळे गच्चीवर सोलर बसवा, पीएम सूर्यघर योजनेत केंद्र सरकार ७८ हजारांपर्यंत देतंय, असं जो तो सांगायला लागला तेव्हा मी पहिलं वर्ष कानाडोळा केला.

पण गच्चीचं दुखणं खरं होतं. आमचं इंदिरानगरातलं रो-हाऊस पंचवीस वर्षांचं. वरच्या खोलीत सासूबाई झोपतात, मी त्यांना आईच म्हणते. एप्रिल-मे महिन्यात स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्या खोलीतल्या भिंतीवरच्या तापमापकात संध्याकाळी सात वाजता ३८ दिसलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच खोलीचा ईशान्य कोपरा पाझरायला लागला. म्हणजे उन्हाळ्यात भट्टी आणि पावसाळ्यात बादली.

५ जानेवारी २०२५, रविवार. नवऱ्याने एसीचा विषय काढला, मी मागच्या वर्षाची बारा वीजबिलं काढली. वर्षाचे ३,२१० युनिट, एकूण बिल ३८ हजारांच्या आतबाहेर. मे महिन्यात ४३० युनिट, डिसेंबरात १९०. एसी आला की मे महिन्याचं काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको. तेव्हा ठरवलं की आधी स्लॅब नीट करायचा, मग सोलरचा हिशेब करून बघायचा, आणि तो हिशेब करताना सबसिडीच्या ओळीत शून्य लिहायचं. शून्य लिहूनही पाच वर्षांत पैसे वसूल होत असतील तरच पुढे जायचं. हा नियम मी घरात मोठ्याने सांगितला, कारण नंतर मलाच मोह होणार हे मला माहीत होतं.

पहिली अडचण सोलरची नव्हतीच. वीजबिल अजून सासऱ्यांच्या नावावर होतं. ते जाऊन सहा वर्षं झाली. बिल वेळेवर भरत होतो, त्यामुळे कुणाचं काही अडलं नव्हतं. पण योजनेचा अर्ज ज्याच्या नावाने कनेक्शन त्याच्याच नावाने होतो, आणि पैसेही त्याच्याच खात्यात येतात. घर आता आईंच्या नावावर आहे, म्हणून कनेक्शनही त्यांच्याच नावावर करायचं ठरलं. मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती, आईंचं आधार आणि वारसांचं ना हरकत पत्र. त्यावर नवऱ्याची सही झाली, पण नणंद जळगावला. कुरिअरने कागद गेला, सही होऊन आला, एका जागी सही राहिली म्हणून परत गेला. ९ जानेवारीला सुरू केलेलं काम ११ फेब्रुवारीच्या बिलावर नवं नाव छापून आलं तेव्हा संपलं. झेरॉक्स, नोटरी, कुरिअर मिळून नऊशे रुपये. ज्यांच्या घरी बिल अजून आजोबांच्या नावावर येतं, त्यांनी सोलर करायचं असो वा नसो, हे काम आजच काढावं.

दरम्यान स्लॅब. जुना ब्रिकबॅट कोबा, म्हणजे स्लॅबवरचा विटांच्या तुकड्यांचा थर, जागोजागी तडकला होता. मिस्त्रींनी हातोडीच्या दांड्याने ठोकत सगळी गच्ची फिरून पोकळ आवाज येतो तिथे खडूने गोल काढले. गोल बघून मला घेरीच आली, निम्मी गच्ची पांढरी. तेवढा भाग काढून पुन्हा भरला, तडे बुजवले. कठडा आणि स्लॅब मिळतात तिथली गोलाई, मिस्त्री तिला वाटा म्हणतात, ती सगळीकडे नव्याने केली. खरं पाणी तिथूनच जात होतं. वर ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात. ६४० चौरस फूट, ३६ रुपये फुटाने २३,०४० रुपये. १५ फेब्रुवारीला सुरू, २२ ला संपलं.

या २३ हजारांवर कुणी एक रुपया दिला नाही, आणि मी तो मागायला कुठे जाणार होते? तेलंगणाने २०२३ साली छपरं थंड ठेवण्यासाठी स्वतंत्र धोरण आणलं, अहमदाबादेत झोपडपट्ट्यांतली छपरं पांढरी रंगवली गेली, हे मी वाचलेलं. माझ्यासारख्या मध्यमवर्गीय रो-हाऊसवालीसाठी योजना आहे ती वीज तयार करण्याची. वीज कमी लागावी म्हणून जो खर्च केला तो माझा मी. आता पुढचं सांगून टाकते: २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याच खोलीत, त्याच भिंतीवर, संध्याकाळी सातला ३५ दिसत होतं, पॅनेल बसायच्या आधी. तीन अंश म्हणजे काही महाबळेश्वर नव्हे. पण आई रात्री खाली हॉलमध्ये गादी टाकायच्या त्या बंद झाल्या आणि एसीचा विषय नवऱ्याने परत काढलेला नाही.

क्रम चुकवू नका. पॅनेलचा सांगाडा एकदा उभा राहिला की त्याच्या पायांखाली वॉटरप्रूफिंग करता येत नाही. आधी स्लॅब.

२५ फेब्रुवारी, महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी, पीएम सूर्यघर योजनेच्या पोर्टलवर अर्ज भरला. भरायला वीस मिनिटं पुरली असती. दीड तास लागला, कारण ओटीपी आईंच्या बटणांच्या फोनवर येत होता. फोन खाली स्वयंपाकघरात आणि मी वर लॅपटॉपवर. आई जिन्यातून आकडे ओरडून सांगायच्या, मी टाकेपर्यंत त्यांची मुदत संपलेली. चौथ्या वेळी मी लॅपटॉप उचलून ओट्यावर नेला. ग्राहक क्रमांक टाकला की बिलावरचं नाव आपोआप येतं. ते आईंचं आलेलं बघून त्या महिनाभराच्या कुरिअरचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

दहा किलोवॅटपर्यंतच्या घरगुती अर्जाला आता तांत्रिक तपासणीची वाट बघावी लागत नाही, तो मंजूरच धरला जातो. आमचा दुसऱ्या दिवशी मंजूर झाल्याचा संदेश आला. माझा संशय तिथे जरा ढिला पडला, खोटं कशाला बोलू.

मग पुरवठादार. पोर्टलवर नोंदणी असलेलेच घ्यावे लागतात. मी तिघांना बोलावलं आणि मार्चचे पहिले दोन आठवडे घरात चहाचं आधण उतरलंच नाही. तिघांनीही गच्ची बघायच्या आधी मला ३ किलोवॅट सांगितलं. का, ते सबसिडीच्या तक्त्यावरून कळतं. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, मिळून ७८ हजार, आणि त्यापुढे कितीही बसवलं तरी ७८ च. तीनवर आकडा सगळ्यांत मोठा दिसतो. "मॅडम, बिल झिरो होईल," हे वाक्य तिघांनीही एकाच सुरात म्हटलं.

मला बिल झिरो नको होतं. हे समजायला बिलाची मागची बाजू वाचावी लागते. माझ्या बिलात शंभर युनिटांपर्यंत वहन आकार (वीज घरापर्यंत आणून द्यायचे पैसे) धरून सहा रुपयांच्या आत दर पडत होता, पुढे तीनशेपर्यंत साडेअकराच्या आसपास, आणि तीनशेच्या वर पंधरा रुपयांहून जास्त. त्या सगळ्यावर सोळा टक्के वीज शुल्क. सोलर बसवलं की कापले जातात ते वरचे, महागडे युनिट आधी. खालचे शंभर मुळातच स्वस्त आहेत. २ किलोवॅटच्या संचाला २०२५ मार्चमध्ये मला १,३४,००० सांगितले, ३ ला १,८६,०००. म्हणजे तिसऱ्या किलोवॅटसाठी ५२ हजार जास्त, सबसिडी १८ हजार जास्त, आणि वर्षाची वाढीव बचत माझ्या हिशेबाने साडेचार हजार. ३४ हजार घालून वर्षाला साडेचार हजार वाचवणं हे मी कारखान्यात मालकांना कधी सुचवलं असतं का? उरलेले युनिट वीज कंपनीला विकले जातात हे खरं, पण ३१ मार्चला शिल्लक युनिटांचा हिशेब होतो तेव्हा त्यांना आपल्या बिलातला दर मिळत नाही, बराच कमी मिळतो. गच्चीवर वीज पिकवून विकायचा धंदा घरगुती ग्राहकाने करू नये.

एका पुरवठादाराला हे सांगितलं तर तो म्हणाला, "पुढे एसी घ्याल, इलेक्ट्रिक गाडी घ्याल." खरं आहे, ज्यांना घ्यायची आहे त्यांनी तीन बसवावेत. माझी स्कूटर पेट्रोलची आहे आणि अजून पाच वर्षं चालेल.

दुसरी गोष्ट मी मुद्दाम विचारली: सबसिडी नकोच म्हटलं तर २ किलोवॅटला किती? प्रश्न ऐकून तो दचकला. मग कॅल्क्युलेटर काढून म्हणाला, १,१२,०००. बावीस हजार कमी! कारण असं, की सबसिडी हवी असेल तर डीसीआर पॅनेलच लागतात, म्हणजे ज्यातले सेलही भारतात बनलेत असे, आणि ते महाग आहेत. सबसिडी नको असेल तर तेव्हा, २०२५ मध्ये, बाहेरच्या सेलचे स्वस्त पॅनेल चालत होते. मला मिळणार म्हणून सांगितलेल्या ६० हजारांतले २२ हजार, असे पाहिले तर, माझ्या गच्चीवरून थेट पॅनेल बनवणाऱ्याकडे जाणार. माझ्या पदरात ३८. देशात कारखाने उभे राहावेत म्हणून हे केलंय, त्यामागचं धोरण मला कळतं आणि पटतंही. पण जाहिरातीत ६० लिहिलेले असतात आणि ३८ कुणी सांगत नाही.

तसंच योजनेच्या नावातल्या त्या "मोफत वीज"चं. आमच्या गल्लीत दोघांची अजून अशी समजूत आहे की अर्ज केला की सरकार दरमहा ३०० युनिट फुकट देतं. कुणी काही देत नाही. पॅनेल आपले, पैसे आपले, ऊन सूर्याचं. तीन किलोवॅटचा संच महिन्याला तीनशेच्या वर युनिट काढतो, म्हणून ते ३००.

शून्य सबसिडीचा हिशेब असा जमला: पुरवठादार म्हणतात किलोवॅटमागे दिवसाला चार युनिट, मी साडेतीन धरले. वर्षाला २,५५५. बिल अडतीस हजारांवरून सव्वासहा हजारांच्या आसपास येणार. १,३४,००० वसूल व्हायला सव्वाचार वर्षं. माझ्या पाचच्या आत बसलं. सबसिडी आलीच तर सव्वादोन.

तिसरा पुरवठादार १,१८,००० ला तयार होता आणि मी मोहात पडले होते. डीसीआरचं सर्टिफिकेट कधी देणार विचारलं तर म्हणाला, "ते आपण बघून घेऊ ना." हिशेब लिहिणाऱ्या बाईला "बघून घेऊ" म्हणणाऱ्या माणसाचं मी काय करणार! पॅनेलचा अनुक्रमांक आणि सर्टिफिकेट जुळलं नाही तर सबसिडी अडकते, आणि अडकते ती ग्राहकाची.

१९ मार्चला रंगपंचमी होती, जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जुने हौद, उघडलेल्या, कामाला कोण भेटतंय. २० तारखेला करार केला. पैसे तीन हप्त्यांत: वीस टक्के आगाऊ, साठ टक्के माल गच्चीवर आल्यावर, आणि शेवटचे वीस टक्के, म्हणजे २६,८००, नेट मीटर (घरात येणारी आणि बाहेर जाणारी वीज वेगवेगळी मोजणारा मीटर) बसून संच सुरू झाल्यावर. पुरवठादाराला हे शेवटचं कलम पसंत नव्हतं. मी अडून बसले आणि पुढे त्याचाच उपयोग झाला. हप्त्यांचं कागदावर लिहून घ्या, आणि सबसिडी वजा करून उरलेलेच द्या असं कुणी म्हणाला तर नको म्हणा. ती रक्कम खात्यात येते ती ग्राहकाच्याच.

गुढीपाडवा झाला आणि ७ एप्रिलला माल आला. ५४० वॅटचे चार पॅनेल, लोखंडी सांगाडा, इन्व्हर्टर, तांब्याची वायर, आकाशातली वीज अडवायचा दांडा, अर्थिंगची तीन सळ्यांची पेटी. मी आधीच बजावलं होतं की स्लॅबला एकही भोक पाडायचं नाही, पाय काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभे करायचे. दोन दिवस सगळं ठरल्याप्रमाणे झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते आणि वरून ड्रिलचा आवाज. धावत गेले तर एका पोराने वीज अडवायच्या दांड्यासाठी दोन भोकं पाडून झालेली. नव्या रंगात! दीड महिन्यापूर्वीचे माझे २३ हजार! तो बिचारा घाबरून म्हणाला, "ताई, सिलिकॉन मारतो ना." मिस्त्रींना फोन करून बोलावलं, त्यांनी भोकं भरून वर पुन्हा दोन हात दिले आणि पैसे घेतले नाहीत, फक्त माझ्याकडे बघून मान हलवली. संच बसत असताना घरातलं एक माणूस गच्चीवर हवंच. सुट्टी काढा.

९ एप्रिलला सगळं जोडून झालं. पोर्टलवर टाकायला फोटो लागतो, त्यात पॅनेलसमोर ग्राहक स्वतः उभा हवा. आई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, गुडघे दुखतात, पण फोटो म्हटल्यावर नऊवारी नेसून जिना चढल्या. "नीट काढ गं, दिल्लीला जाणारेय," म्हणाल्या.

आता वाट. संच तयार आहे, ऊन नाशिकच्या एप्रिलचं आहे, आणि चालू करता येत नाही. नेट मीटर बसल्याशिवाय चालू करू नका, अगदी कुणी "काय होतंय" म्हणाला तरी. साधा इलेक्ट्रॉनिक मीटर बऱ्याचदा बाहेर जाणारी वीजही वापरलेलीच धरतो, आणि आपण दिलेल्या विजेचं बिल आपल्यालाच येतं. मीटर यायचा, तो तपासणीला जायचा, मग बसवायला माणूस यायचा. माझ्याकडे यातल्या कुणालाच हलवायची किल्ली नव्हती. होती ती एकच, २६,८००. पुरवठादार दर दोन दिवसांनी स्वतःहून चक्कर मारत होता, ते माझ्या प्रेमापोटी नक्कीच नव्हे.

१२ मे रोजी मीटर बसला. तेहतीस दिवस. दिवसाला आठ युनिट धरले तरी अडीचशेवर युनिट गेले, आणि तेही वर्षातल्या सगळ्यांत महाग महिन्यांतले, म्हणजे चार हजारांच्या आसपास. ही रक्कम कुठल्याच पत्रकात नसते. ज्यांना उन्हाळ्याचा फायदा हवा त्यांनी दिवाळी झाली की सुरुवात करावी. मी जानेवारीत केली ती उशिराच झाली.

मीटर बसल्यावर लगेच आकाश भरून आलं. २०२५ चा मे महिना आठवत असेल: वळवाच्या नावाखाली धो धो, कांदा शेतातच सडला, आणि मान्सून महाराष्ट्रात २५ मेलाच येऊन थडकला. माझ्या वीजनिर्मितीचा पहिला आठवडा असा ढगातच गेला. त्यात एका दुपारी वारा सुटून लाईट गेली. मधूनच लख्ख ऊन पडलं, तरी पंखा बंद. आई वर बघून म्हणाल्या, "एवढं बसवलं आणि लाईट गेल्यावर हे पण गेलं?" हो, गेलं. बॅटरी नसलेला ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या तारांना जोडलेला, संच लाईट गेली की स्वतःहून बंद होतो, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या माणसाला आपल्या गच्चीवरून शॉक बसेल. पुरवठादार हे आपणहून सांगत नाहीत.

पण ईशान्य कोपरा कोरडा राहिला. त्या दोन भोकांसकट.

१६ मेला संच कार्यान्वित झाल्याचं प्रमाणपत्र पोर्टलवर दिसलं. उरलेले २६,८०० त्याच संध्याकाळी दिले. १९ मेला बँकेचा तपशील आणि रद्द केलेला चेक टाकून सबसिडीची मागणी केली. तीस दिवसांत येते असं सांगतात.

२७ मेला मागणी परत आली. पासबुकावर आईंच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक "ए" जास्त होता. आधारवर एक कमी. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी खातं उघडताना हाताने लिहिलेला "ए". त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, बघ, झालं ना गॅससारखं. बँकेत अर्ज, आधारची प्रत, पुन्हा सही जुळत नाही म्हणून आईंना रिक्षाने नेणं. ९ जूनला नाव दुरुस्त झालं, १० ला पुन्हा मागणी टाकली. कनेक्शन, आधार आणि पासबुक या तिन्हींवरचं इंग्रजी स्पेलिंग पहिल्याच दिवशी शेजारी ठेवून अक्षर अक्षर जुळवा. मी आकडे जुळवते आयुष्यभर, अक्षरं जुळवायची राहिली.

त्यानंतर मी पोर्टल उघडायचं सोडून दिलं. शून्य धरलंय ना, मग रोज काय बघायचं, असं स्वतःला सांगत होते. प्रत्यक्षात दिवसातून दोनदा बघत होते. कोपऱ्यावरचे निवृत्त काका सकाळी फिरून येताना गेटपाशी थांबून विचारायचे, "आले का?" मी मान हलवली की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरायचं.

३ जुलैला, आषाढीच्या तीन दिवस आधी, आईंच्या फोनवर संदेश आला. त्यांना तो वाचता येईना म्हणून चष्मा शोधला, मग मला कारखान्यात फोन केला आणि आकडे एकेक करून वाचले. सहा, शून्य, शून्य, शून्य, शून्य. मी दोनदा वाचायला लावलं. नेट मीटरचे आम्हाला पैसे पडले नव्हते, त्यामुळे संचाचा निव्वळ खर्च ७४ हजारांवर आला.

आता नोव्हेंबर २०२५. गोदावरीला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघतात, पाणी गुडघ्याला की कमरेला. यंदा पावसाळाभर मी इन्व्हर्टरच्या अॅपकडे बघत होते. जूनमध्ये १८५ युनिट झाले, जुलैत १४०, ऑगस्टमध्ये १५०, सप्टेंबरात १६०, ऑक्टोबरात २३५. माझ्या साडेतीनच्या हिशेबाने या पाच महिन्यांत हजाराच्या वर व्हायला हवे होते, झाले ८७०. उन्हाळ्यात भरून निघतील असं सगळे म्हणतात, मी मार्चनंतर लिहीन. बिलं जूनला हजारभर आणि मग उतरत ऑक्टोबरात अडीचशेच्या आसपास. पॅनेल महिन्यातून दोनदा धुते, पहाटे, ऊन चढायच्या आत. बोअरच्या पाण्याने धुऊ नका, पांढरे डाग राहतात.

एक कळ मात्र लागली. २२ सप्टेंबरला सोलर पॅनेलवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला. सामान आणि मजुरी मिळून मला १३.८ टक्के पडला होता, आता ८.९ पडतो. माझ्या बिलावर हिशेब केला तर पावणेसहा हजार जास्त गेले. दोन दिवस चिडचिड झाली.

त्याच आठवड्यात कोपऱ्यावरचे काका पुरवठादाराचा नंबर मागायला आले. मी नंबर दिला आणि माझा हिशेबाचा कागदही दिला. सबसिडीच्या ओळीवर आडवी रेघ मारून आधी तुमची बारा बिलं मांडा म्हटलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद बराच वेळ वाचला. म्हणाले, "जीएसटी उतरला तसे दरही उतरतील. बजेटपर्यंत थांबतो."

आई आतून म्हणाल्या, "थांबा थांबा. चहा तरी घेऊन थांबा." त्यांच्या साठ हजारांचं काय करायचं हे त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही. खातं त्यांचं आहे, विचारायची माझी छाती नाही.